रस्ता सोपा आहे, हे ठरवायचं कोणी?

गाडी चालवताना फोन हातात घेणारा माणूस बेफिकीरच असतो असं नाही. बहुतेक वेळा त्याने मनात एक हिशेब केलेला असतो. चौकात नको, गर्दीत नको, वळणावर तर नकोच. पुढे सरळ रस्ता लागला की बघू. दुसऱ्या कोणाचा हिशेब नेमका उलटा असतो: हायवेवर वेग जास्त, तिथे नको, शहरात गाडी रांगायला लागली की पटकन उत्तर टाकू. दोघंही आपापल्या परीने जपूनच वागत असतात, आणि अपघात दोघांच्याही रस्त्यांवर होतात.

खरा धोका या हिशेबातच आहे, असं माझं म्हणणं आहे. रस्त्यारस्त्यांत फरक असतो, चांगला मोठा असतो, आणि तो बारकाईने समजून घेतलाच पाहिजे. पण तो समजून घेऊन निर्णय करायचे ते रस्ता बांधणाऱ्याने, गाडी बनवणाऱ्याने, कायदा करणाऱ्याने आणि चालकाला कामाला ठेवणाऱ्याने. स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसावर ‘इथे चालेल, तिथे नाही’ हे ठरवायची वेळ आली की घात होतो. ज्या लक्षाच्या जोरावर तो हे ठरवणार, तेच त्या क्षणी दुसरीकडे गेलेलं असतं.

कोणत्या रस्त्याला किती लक्ष लागतं, हे मोजायचा एक विलक्षण प्रयोग 1960च्या दशकात अमेरिकेत झाला. जॉन सेंडर्स या शास्त्रज्ञाने एक हेल्मेट तयार करून घेतलं. त्याला पुढे झडप होती. ती खाली पडली की चालकाला समोरचं काही दिसत नसे. वर गेली की जेमतेम क्षणभर रस्ता दिसे आणि पुन्हा अंधार. हे हेल्मेट चढवून सेंडर्स स्वतः खऱ्याखुऱ्या हायवेवर गाडी चालवत असे. काही फेऱ्यांमध्ये झडप ठरावीक वेळाने उघडे आणि चालकाने झेपेल तो वेग ठेवायचा असे. काही फेऱ्यांमध्ये वेग ठरलेला असे आणि आता पाहिलंच पाहिजे असं वाटेल तेव्हा चालकाने झडप उघडायची असे. 1967 साली त्याने हे निष्कर्ष मांडले. पुढे 2011 साली या प्रयोगाला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा पुरस्कार. लोक हसले ते त्या हेल्मेटच्या चित्राला. निष्कर्ष मात्र मुळीच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते.

सरळ, मोकळ्या रस्त्यावर झडप बराच वेळ मिटलेली राहिली तरी गाडी मार्गावर राहत होती. वेग वाढला की ती लवकर लवकर उघडावी लागे. वळणांच्या रस्त्यावर तर आणखीच लवकर. सेंडर्सचं स्पष्टीकरण असं होतं: चालक एकदा पाहतो तेव्हा त्याच्या मनात पुढच्या रस्त्याचं चित्र उमटतं. डोळे मिटले की ते चित्र हळूहळू शिळं होत जातं आणि अनिश्चितता वाढते. ती सोसवेनाशी झाली की माणूस पुन्हा पाहतो. रस्ता जितका वळणांचा, जितका वेगाने सरकणारा, तितकं चित्र लवकर शिळं होतं.

प्रत्येक चालक हेच नकळत करत असतो. फोनकडे पाहतो, आतून कुठेतरी ‘आता वर बघ’ असं वाटतं, वर बघतो, पुन्हा खाली. मघाचा ‘सरळ रस्त्यावर चालेल’ हा हिशेब इथूनच येतो, आणि तो अगदीच निराधार नाही. पण त्यात एक भोक आहे. मनातली अनिश्चितता वाढते ती चालकाला ठाऊक असलेल्या गोष्टींबद्दलच. वळण दिसत होतं म्हणून त्याबद्दल धाकधूक वाटते. उंचवट्यापलीकडे बंद पडून उभा असलेला ट्रक, दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून बाहेर येणारं मूल, समोरून येणाऱ्याला लागलेली डुलकी या गोष्टी त्याच्या चित्रात नसतातच, त्यामुळे त्यांच्याबद्दल धाकधूक वाटायचा प्रश्नच येत नाही. रस्ता सोपा आहे ही भावना फक्त आपल्या वाटेबद्दल काही सांगते. त्या वाटेत कोण येणार आहे, हे ती सांगू शकत नाही.

आता रस्ते एकेक करून पाहू. आधी रुंद, दुभाजक असलेला, ठरावीक ठिकाणीच आत-बाहेर करता येणारा हायवे. दर किलोमीटरच्या हिशेबाने जगभर हेच रस्ते सर्वांत सुरक्षित ठरतात: समोरून कोणी येत नाही, मधे चौक नाही, पायी चालणारे नाहीत. पण या सुरक्षिततेची एक किंमत आहे. काम इतकं कमी होतं की मन रिकामं राहतं, आणि रिकाम्या मनाला करमणूक लागते. मेंदूला धड काही करायला नसलं की तो पेंगतो किंवा भटकतो. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, हा अनुभव लांबचा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचा आहे. अशा वेळी फोन जागं ठेवणारा सोबती वाटतो.

हायवेवर बेसावधपणाची किंमत मोजावी लागते ती बहुतेकदा पुढच्या गाडीच्या मागच्या बाजूवर. ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर जाते. सावध चालकाला कोरड्या रस्त्यावर या वेगातून थांबायला सुमारे 100 मीटर लागतात. दूरवर उभी असलेली गाडी आणि दूरवर चाललेली गाडी डोळ्याला सारख्याच दिसतात. समोरचा आकार झपाट्याने मोठा व्हायला लागतो तो अगदी शेवटच्या टप्प्यात. म्हणून पुढे कोंडी होऊन गाड्यांची रांग थांबलेली असते तेव्हा रांगेतली शेवटची गाडी सगळ्यात धोक्यात असते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी 100 गाड्यांमध्ये कॅमेरे बसवून वर्षभर रोजचं ड्रायव्हिंग टिपलं आणि 2006 साली अहवाल आला. नोंदलेल्या टकरींपैकी जवळजवळ 80 टक्के टकरींच्या ऐन आधी चालकाची नजर पुढच्या रस्त्यावर नव्हती. दोन सेकंदांहून जास्त वेळ नजर हटली की धोका निदान दुप्पट होतो, हेही त्याच अभ्यासातून पुढे आलं. त्याच संस्थेने ट्रकचालकांवर केलेल्या, 2009 साली जाहीर झालेल्या अभ्यासात मेसेज टाइप करणाऱ्यांची नजर सहा सेकंदांच्या अवधीतले सरासरी 4.6 सेकंद रस्त्यावरून हटलेली होती आणि त्यांचा धोका 23 पट वाढला होता. ताशी 90 किलोमीटरला 4.6 सेकंद म्हणजे 115 मीटर. इतक्या अंतरात अवजड ट्रकपुढे काय काय येऊ शकतं, याची कल्पना करून पाहावी.

हायवेच्या बाबतीत निदान भीती तरी वाटते. शहरातल्या रस्त्याबद्दल ती वाटत नाही, आणि मला जास्त काळजी तिथली आहे.

शहरात वेग कमी, म्हणून चूक झाली तरी पत्रा चेपेल, माणूस वाचेल, अशी समजूत असते. गाडीतल्या माणसापुरती ती बरीचशी खरी आहे. बाहेरच्या माणसाचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 11 लाख 90 हजार माणसं रस्त्यांवर मरतात, आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पायी चालणारी, सायकलवरची किंवा दुचाकीवरची असतात. त्यांच्याभोवती पत्रा नाही, एअरबॅग नाही. शहरातल्या रस्त्यावर बेसावध राहण्याची जोखीम चालक घेतो आणि भोगतो दुसराच. हिशेब करणारा आणि किंमत मोजणारा वेगळे असले की हिशेब ढिलाच होणार.

कायदा करणारेसुद्धा या ढिलाईतून सुटलेले नाहीत. युरोपीय संघाने नव्या प्रकारच्या गाड्यांना जुलै 2024 पासून एक यंत्रणा सक्तीची केली. चालकाची नजर फार वेळ रस्त्यावरून हटली की ती इशारा देते. चांगलीच गोष्ट आहे. पण तिचे आकडे पाहा. ताशी 50 किलोमीटरच्या वर गाडी असेल तर साडेतीन सेकंदांनी इशारा, आणि 20 ते 50च्या दरम्यान असेल तर सहा सेकंदांनी. ताशी 40 किलोमीटर वेगाने सहा सेकंदांत गाडी सुमारे 67 मीटर जाते. शाळेच्या फाटकापुढून, बसथांब्यापुढून, झेब्रा क्रॉसिंगवरून 67 मीटर खाली मान घालून गेलेल्या चालकाला तोपर्यंत गाडी काहीच बोलणार नाही. सारखे खोटे इशारे वाजले तर लोक यंत्रणा बंद करून टाकतील, शहरात आजूबाजूला पाहावंच लागतं, या अडचणी मला समजतात. तरीही वेग कमी म्हणजे सवलत जास्त हा विचार मुळातच चुकीचा आहे. वेगावरून टक्कर किती जोराची होईल ते कळतं. टक्कर व्हायची शक्यता किती, ते रस्त्यावर किती माणसं आहेत आणि ती किती अचानक वळतात यावर ठरतं.

शहरातल्या रस्त्याचा आणखी एक गुण आहे. तिथे नुसतं पुढे पाहून भागत नाही. चौकात शिरताना समोरचा सिग्नल, उजवीकडून येणारी दुचाकी, डावीकडे पदपथाच्या कडेला घुटमळणारी आजी, आरशात मागून घुसू पाहणारी रिक्षा, हे सगळं दोन-तीन सेकंदांत पाहून त्यातलं काय महत्त्वाचं ते निवडावं लागतं. आणि नेमकं हेच काम फोनवरच्या बोलण्याने बिघडतं, हात मोकळे असले तरी. डोक्यात दुसरा विषय चालू असला की चालकाची नजर समोरच्या एका पट्ट्यात गोळा होते. आरसे आणि कडा सुटतात. गंमत अशी की लेन मात्र तो कधी कधी नेहमीपेक्षा जास्त नेटकी धरतो, कारण ते काम हातांच्या सवयीवर चालतं. म्हणून शेजारी बसलेल्यालाही वाटतं, चालवतोय की व्यवस्थित! आणि चालकालाही तसंच वाटतं.

अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी सिम्युलेटरवर केलेल्या प्रयोगांत हँड्सफ्री फोनवर बोलणाऱ्यांकडून सिग्नल जास्त वेळा सुटले आणि ब्रेकवर पाय उशिरा गेला. नजर कुठे पडते हे टिपणारं यंत्र लावून पाहिलं, तर ज्या वस्तूंवर त्यांची नजर थेट पडली होती त्यांतल्याही कितीतरी त्यांना नंतर ओळखता आल्या नाहीत. डोळ्यांनी पाहिलं, पण ते मनापर्यंत पोचलंच नाही. केवळ रेडिओ किंवा ध्वनिमुद्रित पुस्तक ऐकणाऱ्यांवर असा परिणाम दिसला नाही. अडचण आवाजाची नव्हती. उत्तर द्यायचं, समोरच्याचं म्हणणं पकडायचं, आपलं जुळवायचं, हे काम मेंदूची जागा व्यापत होतं.

यावर नेहमी विचारलं जातं, मग शेजारी बसलेल्याशी बोलणंही बंद करायचं का? याचंही उत्तर त्याच गटाने शोधलं. शेजारचा माणूस रस्ता पाहत असतो. चौक आला की तो वाक्य अर्धवट सोडतो, ‘अरे, वळायचंय ना इथे?’ म्हणतो, समोर कोणी आडवं आलं तर त्याच्याच तोंडून आधी आवाज निघतो. प्रयोगात हायवेवरून ठरलेल्या ठिकाणी बाहेर पडायचं होतं. फोनवर बोलणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ते ठिकाण मागे टाकून पुढे निघून गेले. शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी थोडेच चुकले. फोनच्या पलीकडच्या माणसाला चौक दिसत नाही. तो अगदी ऐन वळणावर विचारतो, ‘मग काय ठरवलंस?’

म्हणून हात मोकळे असले म्हणजे झालं, ही कायद्याची सरसकट भूमिका मला अपुरी वाटते. कॅनडातल्या टोरोंटोच्या 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून 1997 साली रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी दाखवलं की फोनवर बोलताना टक्कर व्हायचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्रीने तो कमी झाल्याचं दिसत नाही. 2005 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या चालकांच्या अभ्यासातून, पुन्हा तेच उत्तर आलं. तरीही अनेक देशांतले कायदे हातातल्या फोनवर येऊन थांबले. हात पोलिसाला दिसतो, कॅमेऱ्यात येतो. मन दिसत नाही. पुरावा मिळायची सोय म्हणून ही मर्यादा मी समजू शकतो. पण त्यातून चालकापर्यंत पोचलेला संदेश मात्र ‘कानात घालून बोललं की चालतं’ असा आहे, आणि हे काही खरं नाही.

सिग्नलला थांबल्यावर फोन पाहणं तर कोणाला चूकही वाटत नाही. गाडी उभीच तर आहे! 2015 साली अमेरिकेत एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेसाठी यूटाच्याच संशोधकांनी गाडीतल्या आवाजी आज्ञांच्या यंत्रणा तपासल्या, तेव्हा काम संपल्यावरही मन पूर्ण ठिकाणावर यायला काही यंत्रणांच्या बाबतीत 27 सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. सिग्नल हिरवा होतो, मागचा हॉर्न वाजवतो, फोन मांडीवर पडतो आणि गाडी निघते. त्या 27 सेकंदांत चौक ओलांडून पुढची दोन वळणं झालेली असतात. पिवळा दिवा असतानाच धावत सुटलेला आणि अजून रस्त्याच्या मध्यावर असलेला पादचारी त्यातल्या पहिल्या तीन सेकंदांत येतो.

तिसरा रस्ता हायवेही नव्हे आणि शहरातलाही नव्हे: दुभाजक नसलेला, शेतांतून किंवा डोंगरातून जाणारा दुपदरी रस्ता. वेग जवळजवळ हायवेचा, आणि आधार कसलाच नाही. मधे फक्त रंगाची एक रेघ. एका बाजूला समोरून येणारा, दुसऱ्या बाजूला झाड, खांब किंवा चारी.

या रस्त्यावर एक क्षण नीट जवळून पाहू. लेन साडेतीन मीटर रुंद आहे, गाडी 1.8 मीटर. म्हणजे गाडी बरोबर मधोमध असली तर दोन्ही बाजूंना जेमतेम 85 सेंटिमीटर मोकळे. वेग ताशी 80, सेकंदाला 22 मीटर. शेजारच्या सीटवर पडलेला फोन उचलायला चालक थोडा कलतो. कलताना स्टिअरिंगवरचा हात किंचित ओढला जातो आणि गाडीची दिशा एका अंशाने बदलते. एक अंश म्हणजे डोळ्याला कळतही नाही इतका बदल. पण त्या दिशेने गाडी दर सेकंदाला सुमारे 39 सेंटिमीटर बाजूला सरकत राहते. सव्वादोन सेकंदांत चाक मधल्या रेघेवर असतं. समोरूनही कोणी 80नेच येत असेल, तर तेवढ्या वेळात दोघांमधलं अंतर 100 मीटरनी कमी झालेलं असतं. फोनवर कोणाचं नाव आलंय, एवढंच वाचून झालेलं असतं.

हायवेवर हीच चूक झाली असती तर चाक शेजारच्या लेनमध्ये किंवा कडेच्या खडबडीत पट्टीवर गेलं असतं, घरघराट झाला असता, चालक दचकून सावरला असता. शहरात वेग कमी असल्याने निदान ब्रेक दाबायला वेळ मिळाला असता. या रस्त्यावर चुकीला माफी नाही, आणि चालकाला तर तो ‘रिकामा रस्ता’ वाटतो. दहा मिनिटांत चार गाड्या समोरून आल्या, मग काय हरकत आहे? ओव्हरटेक करताना तर फक्त डोळे पुरत नाहीत. समोरच्याचं अंतर, त्याचा वेग, आपल्या गाडीचा जोर, पुढचं वळण हे सगळं जुळवून ‘बसेल का’ हे ठरवावं लागतं. ब्रिटनमध्ये 1969 साली, म्हणजे खिशातल्या फोनच्या कितीतरी आधी, आयव्हन ब्राउन आणि सहकाऱ्यांनी गाडीत हातांविना वापरायचा टेलिफोन बसवून प्रयोग केला होता. चालकांना फटी दाखवल्या, गाडी यातून जाईल का हे ठरवायला सांगितलं, आणि त्याच वेळी कानावर येणारी वाक्यं बरोबर की चूक हेही सांगायला लावलं. गाडी आवरायचं कौशल्य फारसं बिघडलं नाही. फटीचा अंदाज बिघडला. जिथे अंदाजावर जीव अवलंबून असतो, तोच रस्ता आपण बोलायला मोकळा समजतो.

आणि या तिन्ही रस्त्यांपेक्षा मला एका गोष्टीची धास्ती जास्त वाटते: एक रस्ता संपून दुसरा सुरू होतो ती जागा. हायवेचा रॅम्प संपून चौक येतो, मोकळ्या रस्त्यावर अचानक गाव लागतं, सरळ पट्टा संपून घाट सुरू होतो. फोनवरचं बोलणं सुरू झालं तेव्हा रस्ता सोपा होता. मधे तो बदलला, पण बोलणं आपल्याच लयीत पुढे चाललं आहे. ‘थांब, पुढे गाव आहे’ असं म्हणायला आधी गाव आल्याचं लक्षात यायला हवं. फलक दिसतो, वेग उतरत नाही. अमुक रस्त्यावर चालेल आणि तमुक रस्त्यावर नाही असा नियम मनात बाळगणाऱ्याला तो नियम नेमका इथे दगा देतो, कारण रस्ता बदलल्याची खबर त्यालाच सगळ्यात उशिरा लागते.

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. लोक बावळट नसतात. बोलताना ते आपोआप वेग उतरवतात, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवतात. हे खरं आहे, अनेक प्रयोगांत दिसलं आहे. पण हा सावधपणा बऱ्याच अंशी हातात फोन असल्याच्या जाणिवेतून येतो. हँड्सफ्रीवर तो कमी दिसतो. शिवाय वेग थोडा उतरवून जे भरून निघतं ते अपेक्षित गोष्टींपुरतं: पुढची गाडी सावकाश थांबली तर तुम्हीही थांबाल. अचानक आडवं आलेलं सायकलवरचं पोर दिसलंच नाही, तर ताशी पाच किलोमीटर कमी असल्याने फारसं काही वाचत नाही.

मग रस्त्यांमधला हा फरक कोणी मनावर घ्यायचा? सगळ्यात आधी रस्ता बांधणाऱ्याने. माणूस चुकणारच हे धरून रस्ता बांधायचा, हा विचार स्वीडनच्या संसदेने 1997 साली ‘शून्य मृत्यू’ धोरण म्हणून स्वीकारला. तिथे दुपदरी रस्त्यांवर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशा आलटून-पालटून लेन आखून मधे पोलादी तारांचा अडसर घालण्यात आला, आणि अशा रस्त्यांवरचे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. मघाची ती सव्वादोन सेकंदांची चूक तिथेही होते, पण गाडी तारांना घासून परत येते. जिथे एवढा खर्च झेपत नाही तिथे मधल्या रेघेवर खडबडीत पट्टी कोरता येते. गावाच्या तोंडाशी रस्ता अरुंद करून, उंचवटा घालून, वळसा देऊन चालकाला जागं करता येतं. नुसत्या फलकावर विसंबायचं म्हणजे ज्याचं लक्ष नाही त्याच्याकडूनच लक्षाची अपेक्षा करायची.

मग गाडी बनवणाऱ्याने. पंख्याचं बटण पूर्वी चाचपून सापडायचं. आता त्यासाठी टचस्क्रीनवर दोन-तीन पानं उलटावी लागतात, आणि काचेला स्पर्शाने ओळखता येत नाही, डोळे लावावेच लागतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2013 साली सुचवलं होतं की गाडीतल्या पडद्यावरचं कोणतंही काम दोन-दोन सेकंदांच्या नजरेत आणि एकूण 12 सेकंदांत संपावं. ती केवळ ऐच्छिक सूचना राहिली. गाड्यांच्या सुरक्षिततेची चाचणी घेऊन त्यांना गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने 2026पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं असावीत अशी अट घातली आहे. उशीर झाला, तरी दिशा बरोबर आहे. नकाशा आजच्या गाडीला ठाऊक असतो: पुढे शाळा आहे, चौक आहे, दुपदरी रस्ता सुरू होतोय. ज्या पडद्याला हे ठाऊक आहे त्याने त्या पट्ट्यात गप्प बसावं, एवढी सक्ती करायला काय अडचण आहे ते मला दिसत नाही. रस्त्यागणिक फरक करायची जागा ही आहे.

गाडी स्वतःच चालवू लागली की प्रश्न मिटेल असं समजणाऱ्यांनी मार्च 2018मध्ये अ‍ॅरिझोनातल्या टेंपी शहरात झालेला अपघात आठवावा. चाचणीतली स्वयंचलित गाडी रात्री रुंद रस्त्यावरून चालली होती. यंत्रावर लक्ष ठेवायला बसवलेली चालक फोनवर चालू असलेला कार्यक्रम पाहत होती, असं तपासात निघालं. सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणारी एक स्त्री त्यात मेली. नुसतं पाहत बसायचं काम माणसाला दिलं की सगळेच रस्ते हायवेसारखे सुस्त होतात.

शेवटी कामाला ठेवणाऱ्याने. रस्त्यावर फोन उचलणाऱ्यांतले पुष्कळजण हौसेने उचलत नाहीत. माल कुठवर आला, पुढची भाडी घेतोस का, ग्राहक वाट पाहतोय, असे प्रश्न घेऊन फोन येतो आणि न उचलणाऱ्याचं काम दुसऱ्याकडे जातं. दंड मात्र चालकाच्या नावावर फाटतो. गाडी हलते आहे की उभी, हे मालकाच्या पडद्यावर तर क्षणाक्षणाला दिसत असतं. म्हणजे चालत्या गाडीवर मेसेज न धाडता तो गाडी थांबेपर्यंत राखून ठेवायला एक ओळीचा बदल पुरेल. चालत्या चालकाला कामाचा फोन लावणाऱ्या कंपनीला त्या फोनसाठी जबाबदार धरायचं, हे कायद्यात लिहिलं पाहिजे. अपघाताच्या चौकशीत चालकाच्या फोनची नोंद काढतात, तेव्हा पलीकडून कोणी आणि कशासाठी फोन केला होता, हेही त्याच कागदावर आलं पाहिजे.

चालकासाठी मग उरतो तो एकच नियम, आणि त्यात रस्त्याचं नाव नाही: गाडी सुरू आहे तोवर फोन नाही, हातातही नाही आणि कानातही नाही. कोणी म्हणेल, हायवेसाठी थोडी सवलत ठेवा, शहरात कडक व्हा; कोणी याच्या उलट म्हणेल. मी दोन्हीला विरोध करीन. सवलत कोणत्याही रस्त्यासाठी दिली, की ती कुठे संपते हे चालत्या गाडीत, बोलता बोलता, त्या एकट्या माणसाला ठरवावं लागेल.